स्किझोअफेक्टिव्ह विकार : निदानाची नोंद आणि संकेतांक

छिन्नमनस्कतेची (स्किझोफ्रेनिया) लक्षणे आणि उन्माद किंवा नैराश्य यांसारखे तीव्र भावविकार एकाच आजारपणात ठळकपणे दिसतात, तेव्हा त्या अवस्थेस ‘स्किझोअफेक्टिव्ह विकार’ म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जेकब कासानिन यांनी १९३३ मध्ये ही संज्ञा प्रथम वापरली. दोन आजारांच्या सीमेवर असलेला हा विकार ओळखणे अवघड आहे. त्याची अचूक नोंद करणे त्याहून अवघड. रुग्णाचे औषधोपचार, विम्याचा दावा आणि अपंगत्वाचा दाखला या साऱ्यांचा आधार हीच नोंद असल्याने तिचे स्वरूप रुग्णाच्या कुटुंबीयांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

संकेतांकांची रचना

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) या विकारास ‘एफ २५’ हा गट दिलेला आहे. त्यातील एफ २५.० हा उन्मादी प्रकार, एफ २५.१ नैराश्याचा आणि एफ २५.२ मिश्र प्रकार होय. एफ २५.८ इतर प्रकारांसाठी, तर एफ २५.९ प्रकार स्पष्ट नसताना वापरतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या सुधारित आवृत्तीत मात्र एफ २५.२ नाही, तेथे एफ २५.० ला ‘द्विध्रुवीय प्रकार’ म्हणतात.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत या विकाराचा संकेतांक ‘६ए२१’ आहे. येथे उन्मादी व नैराश्याचा हे उपप्रकार उरलेले नाहीत. आजाराचा पहिला झटका (६ए२१.०), अनेक झटके (६ए२१.१) की सलग चालणारा आजार (६ए२१.२) यांनुसार विभागणी केली जाते. नैराश्य किंवा उन्माद यांची तीव्रता दर्शविण्यासाठी ‘६ए२५’ गटातील पूरक संकेतांक जोडता येतात.

निकषांतील फरक

दहावी व अकरावी आवृत्ती चालू झटक्याकडे पाहतात : दोन्ही प्रकारची लक्षणे एकाच वेळी किंवा काही दिवसांच्या अंतराने दिसली पाहिजेत. अकराव्या आवृत्तीनुसार ती किमान एक महिना टिकली पाहिजेत. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीचा (डीएसएम-५) दृष्टिकोन वेगळा आहे. आजाराच्या संपूर्ण कालावधीत भावविकाराचा झटका नसतानाही किमान दोन आठवडे भ्रम किंवा भास असावेत आणि एकूण आजारकाळाच्या बहुतांश भागात भावविकार असावा, अशी तिची अट आहे. त्यामुळे निदान कोणत्या वर्गीकरणानुसार केले, हे नोंदीत लिहिणे आवश्यक ठरते.

नोंदीत काय असावे?

या निदानाचा कणा म्हणजे कालक्रम. समजा, एका तरुणास मार्च-एप्रिलमध्ये झोप लागेनाशी झाली, तो अखंड बोलू लागला व मोठमोठे बेत आखू लागला. त्याच काळात आपल्या प्रत्येक कृतीवर टीका करणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले आणि आपले विचार इतरांना कळतात असेही त्याला वाटू लागले. मेच्या आरंभी मन स्थिरावले. आवाज मात्र आणखी तीन आठवडे राहिले. एवढे तपशील तारखांसह लिहिले, तर एफ २५.० या संकेतांकास आधार मिळतो. केवळ ‘उन्माद, भास’ असे लिहिल्यास हाच रुग्ण द्विध्रुवीय विकाराच्या एफ ३१ गटात, आणि केवळ ‘आवाज, संशय’ लिहिल्यास छिन्नमनस्कतेच्या एफ २० गटात जाऊ शकतो.

कालक्रमाखेरीज पुढील बाबी नोंदविणे गरजेचे असते :

• मद्य, गांजा वा अन्य पदार्थांचे सेवन, तसेच अपस्मार, थायरॉईडचे विकार, स्टेरॉईड औषधे यांची चौकशी व तपासण्या;
• माहिती देणारी व्यक्ती कोण आणि तिचे रुग्णाशी नाते काय;
• रुग्णाचे शब्द शक्यतो त्याच्याच भाषेत. मराठी वा कोकणीत सांगितलेली तक्रार इंग्रजी केसपेपरवर उतरताना तिचा अर्थ बदलण्याची शक्यता असते. अंगात येणे, देवाचा कौल यांसारख्या समाजमान्य श्रद्धेस आपोआप भ्रम ठरवू नये;
• आत्महत्येचे विचार, औषधांना मिळालेला प्रतिसाद, दुष्परिणाम आणि दैनंदिन कामकाजावरील परिणाम.

माहिती अपुरी असताना एफ २५.९ हा संकेतांक तात्पुरता योग्य ठरतो. पुढील भेटींत तो बदलला जावा. जुन्या केसपेपरवरील निदान पडताळणीविना उतरवून घेणे ही घातक सवय होय.

कायदा आणि रुग्णाचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजाराचे निश्चितीकरण राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त मानकांनुसार, म्हणजेच आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीसह, झाले पाहिजे. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल होते, एवढ्यावरून आजचे निदान ठरविता येत नाही. कलम २१ अन्वये विमा कंपन्यांनी मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे. कलम २३ गोपनीयतेची हमी देते, तर कलम २५ रुग्णास आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा हक्क देते.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व आवश्यक असते. ते मोजताना स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन, काम आणि आजाराचा कालावधी यांचा विचार होतो. संकेतांक केवळ आजाराचे नाव सांगतो; त्या आजाराने माणसाचे काय हिरावून घेतले, हे नोंदीतील तपशीलच सांगतात. म्हणून कुटुंबीयांनी लक्षणांच्या तारखांची साधी वही ठेवावी, प्रत्येक केसपेपरची प्रत जपावी आणि निदान बदलल्यास त्याचे कारण डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. तातडीच्या मार्गदर्शनासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.