खाल्लेलं सफरचंद, प्यायलेलं सफरचंद

रक्ताच्या तपासणीत साखर वाढलेली दिसली किंवा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं, की घरातली पहिली बंदी फळांवर येते. केळं बंद, चिकू बंद, आंब्याचं तर नावच नको. ही धास्ती इन्सुलिनच्या आधीची आहे.

१७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी मधुमेहावर मांसाहाराचं पथ्य मांडलं. लघवीतली साखर वनस्पतींच्या अन्नातून येते, तर ते अन्नच तोडा, असा त्यांचा विचार. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कचे फ्रेडरिक अ‍ॅलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत. भाज्याही तीनतीनदा उकळून, पाणी फेकून दिल्या जात. हा छळ नव्हता. हाताशी औषधच नव्हतं, आणि उपासाने मरण थोडं लांबत होतं. बॉस्टनचे इलियट जोस्लिन फळांचे तक्ते वापरत. त्यांत संत्रं १० टक्के कर्बोदकांच्या रांगेत, सफरचंद १५ आणि केळं २० टक्क्यांच्या.

जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं इंजेक्शन पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं. औषध आलं, तरी फळांकडे संशयानेच पाहिलं जाई. १९५०मध्ये अमेरिकेत आहाराच्या सहा याद्या निघाल्या, त्यांत फळांची यादी वेगळी होती. एका वाट्यात १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक लहान सफरचंद किंवा अर्धं लहान केळं. आता फळ मोजून खाता येत होतं.

पण १० ग्रॅम म्हणजे सगळीकडे सारखेच का? १९७७मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखी. रस मात्र अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला आणि पोटही कमी भरलं. रस आणि गर घेतल्यावर इन्सुलिन जास्त चढलं. रसानंतर साखर वाढून झपकन खालीही आली.

१९८१मध्ये डेव्हिड जेन्किन्स यांनी टोरांटोत ६२ पदार्थ तपासून ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. त्यात सफरचंद पावाच्या बरंच खाली होतं. २०१३मध्ये डेन्मार्कमध्ये नुकताच टाइप २ मधुमेह झालेल्या ६३ जणांचे दोन गट केले. एकाला रोज किमान दोन फळं, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

फॅटी लिव्हरमध्ये संशय फ्रुक्टोजवर असतो, कारण ते जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं. पण अख्ख्या फळात ते थोडं असतं आणि चोथ्यासोबत सावकाश पोचतं. गोड शीतपेयाच्या बाटलीत तेच भरपूर असतं आणि दोन मिनिटांत पोटात जातं.

आपल्याकडे याचा अर्थ मे महिन्यात कळतो. आमरस म्हणजे आंब्याचा गरच. वाटीत दोनतीन आंबे सहज मावतात, वर साखर पडते, सोबत पुऱ्या येतात. तेच आंबे कापून, चावून खायचे तर माणूस बराच आधी थांबतो. औषध चालू असेल, तर किती फोडी ते डॉक्टरांनी सांगावं. पण फोड आणि वाटी यांवर एकच बंदी घालायला आता आधार उरलेला नाही.