गवताचे राखणदार

एप्रिल-मे महिन्यांत कल्याणहून मुरबाड किंवा शहापूरकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळे चौकोन दिसू लागतात. सुकलेल्या भातखाचरात एखादाच कोपरा जळालेला असतो, बाकीचे शेत तसेच. वर्गातली मुले हे रोज पाहतात आणि ‘जमीन भाजली तर पीक कसे येईल?’ असा प्रश्न हमखास विचारतात. शेतकऱ्याच्या भाषेत हा राब. शेण, ऐनाचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि ते सावकाश जळू द्यायचे. पहिल्या पावसात याच जागी भात पेरून रोपे तयार करतात व पुढे ती खाचरात लावतात. उष्णतेने तणांचे बी मरते, मातीतला काही नत्र रोपांना सहज घेता येईल अशा रूपात येतो आणि राखेतून पालाश व स्फुरद मिळते.

या राबासाठी लागणारा पाला आणि गुरांसाठीचे गवत गावाच्या वरकस जमिनीतून व रानातून येई. सुमारे १४० वर्षांपूर्वी त्यावरून ठाणे जिल्ह्यात मोठा वाद पेटला होता. तेव्हाचा प्रश्न असा होता, की रानाची राखण कोणी करायची? जो त्यावर जगतो त्याने, की जो त्याचा हिशेब ठेवतो त्याने? याच प्रश्नाचे वेगळे उत्तर पुढे अमेरिकेतल्या काही पशुपालकांनी शोधले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

ठाण्याचे रान

१८७८ च्या वन कायद्याने सरकारला जंगले राखीव आणि संरक्षित ठरवण्याचा अधिकार मिळाला. ठाणे जिल्ह्यात हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा चराई, टहाळ, सरपण या रोजच्या गोष्टी गुन्हा ठरू लागल्या. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गावांची गायराने जंगल खात्याने गिळल्याची तक्रार आहे. ठाण्यात ‘फॉरेस्ट असोसिएशन’ स्थापन होऊन तिने सरकारकडे दाद मागितली. अखेर १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

वन खात्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मुंबई वाढत होती, सरपण आणि इमारती लाकूड यांची तोड प्रचंड होती. पण तोडीला कारण कोण, याचे उत्तर सोयीने दिले गेले. मक्तेदाराची कुऱ्हाड आणि शेतकऱ्याचा कोयता एकाच मापाने मोजला गेला. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी सरकारला सुचवले, की शेतीची गरज भागवणे हेही वन खात्याचे काम असावे आणि त्यासाठी सरपण व चाऱ्याची राखीव राने वाढवावीत. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. ‘अडाण्यांची खोड’ म्हणून हिणवली गेलेली रीत अशा प्रकारे प्रयोगशाळेत पोहोचली.

मात्र एक गोष्ट घडली नाही. शेतकरी, गुराखी, वन अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांनी एकाच जागी बसून एकाच रानाचा विचार करावा, अशी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. अर्ज करणारे आणि अर्ज वाचणारे, असे दोन पक्षच राहिले.

‘वाईट जमिनी’चे लोक

आता अमेरिकेच्या अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या प्रदेशाकडे वळू. क्षेत्र सुमारे ८ लाख एकर, म्हणजे सव्वातीन लाख हेक्टर. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या पाऊण हिश्शाएवढे. पाऊस ठाण्याच्या मानाने अगदी थोडा. येथे रँच, म्हणजे हजारो एकरांची चराऊ राने असलेली कुटुंबे पिढ्यानपिढ्या गुरे पाळतात. सुमारे निम्मी जमीन त्यांच्या मालकीची, उरलेली सरकारची. लाव्हाच्या खडकाळ भूमीला स्पॅनिशमध्ये ‘वाईट जमीन’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्यावरूनच ‘मालपाय’ हे नाव आले.

१९९१ च्या उन्हाळ्यात तेथे एक लहानशी आग लागली. जमीनमालकांना ती जळू द्यायची होती, सरकारी यंत्रणेने ती विझवली. हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. पण पशुपालकांचा अनुभव वेगळा होता. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून पाते जळाले तरी गवत पुन्हा फुटते. काटेरी झुडपांची कोवळी रोपे मात्र आगीत मरतात. आग बंद झाली, की झुडपे माजतात आणि गवत हटते. या म्हणण्याला शास्त्रीय आधारही होता. वनस्पतिशास्त्रज्ञ रेमंड टर्नर यांनी जेम्स हेस्टिंग्ज यांच्याबरोबर याच मुलखातली एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे घेऊन, त्याच जागी उभे राहून नवी छायाचित्रे काढली होती. त्यांचे १९६५ चे पुस्तक पाहिले, की जुन्या चित्रातल्या गवताच्या जागी नव्या चित्रात झुडपे दिसतात.

वॉर्नर आणि वेंडी ग्लेन या दांपत्याच्या मालपाय रँचवर शेजारी जमू लागले. विशेष हे, की पशुपालकांवर टीका करणाऱ्या पर्यावरणवाद्यांनाही त्यांनी बोलावले. १९९४ मध्ये या बैठकांची रीतसर संस्था झाली. तिचे नाव ‘मालपाय बॉर्डरलँड्स ग्रुप’. पाचव्या पिढीचे पशुपालक बिल मॅक्डॉनल्ड तिचे पहिले कार्यकारी संचालक झाले. त्यांना १९९८ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. ड्रमंड हॅडली हे कवी, पण मद्यनिर्मितीतल्या धनाढ्य घराण्याचे वारस. त्यांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने ‘नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेकडून तेथला ग्रे रँच हा सर्वांत मोठा रँच विकत घेतला.

त्यातून एक नामी युक्ती निघाली. ज्याचे रान थकले आहे त्याने आपली गुरे काही काळ ग्रे रँचवर चारावीत. त्या चाऱ्याच्या बदल्यात त्याने करार करायचा, की आपली जमीन प्लॉट पाडून विकणार नाही. या व्यवस्थेला ‘गवताची बँक’ म्हणतात. मुरबाड-शहापूरच्या डोंगरांना बंगल्यांच्या प्लॉटांसाठी कुंपणे पडताना आपण पाहतो, त्यामुळे या कराराचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

७ मार्च १९९६ ला वॉर्नर ग्लेन कुत्रे घेऊन डोंगरी सिंहाच्या शिकारीवर असताना त्यांच्यासमोर जग्वार आला. अमेरिकेतून तो जवळजवळ नाहीसा झाला होता. आपल्या भागात दुर्मीळ प्राणी आहे हे कळले, तर सरकारी निर्बंध येतील अशी भीती पशुपालकांना असते. ग्लेन यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला आणि छायाचित्रे लपवली नाहीत. पुढे जग्वारने मारलेल्या गुरांची भरपाई देण्याची सोयही गटाने केली. याच सुमाराच्या दुष्काळात मॅगॉफिन कुटुंबाने बेडकांची एक दुर्मीळ जात वाचवण्यासाठी त्यांच्या तळ्याला ट्रकने पाणी वाहिले.

कौतुकाला लागून असलेली बाजू

पण इतिहास लिहिताना कौतुकावर थांबता येत नाही. १८८० च्या दशकात रेल्वेबरोबर आलेल्या बेसुमार गुरांनी आणि त्यानंतरच्या दुष्काळाने या प्रदेशाच्या गवताचे अतोनात नुकसान केले. ती गुरे पशुपालकांचीच होती. शिवाय ही भूमी मुळात अपाची लोकांची. त्यांचा नेता जेरोनिमो याने सप्टेंबर १८८६ मध्ये याच टापूत शरणागती पत्करली. ठाण्याचा वन आयोग बसला होता, तोच हा काळ! जमिनीचे आजचे राखणदार काल कोणाच्या जागी आले, हा प्रश्न तेथेही उरतोच.

मालपायच्या लोकांना यश आले, कारण त्यांच्या हाती मालकीचे कागद होते, पैसा होता आणि ओळखी होत्या. ठाण्याच्या ठाकूर, कातकरी, वारल्यांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारेही बहुधा शहरातले शिकलेले लोक असत. रानाविषयीची समज कमी पडली म्हणून ते हरले नाहीत.

आपल्याकडे ही त्रुटी कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क दिलाच, शिवाय सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. तो मिळवणारे पहिल्या गावांपैकी एक म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा). साल २००९. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याभोवती तेथे १९८० च्या दशकापासून अभ्यासगट चालत होते. आधी अभ्यास व एकमताची सवय आणि मग हक्काचा कागद, असा तो क्रम होता. मालपायला कागद आधीपासून होता, अभ्यासाची सवय नंतर लागली. दोन्हींची सांगड पडल्यावरच रान सावरते, असे या दोन उदाहरणांवरून मला वाटते.

येथे एक इशारा द्यायला हवा. अॅरिझोनात आग उपयोगी ठरली म्हणून सह्याद्रीत वणवे लावावेत, असा अर्थ कोणी काढू नये. राब ही राखणीतली, चौकोनात बांधलेली आग आहे. डोंगर जाळणारा वणवा कोवळी झाडे मारतो आणि उघडी पडलेली माती आपल्या मुसळधार पावसात वाहून जाते. एका रानाचा नियम दुसऱ्या रानाला लावण्याआधी मोजावे लागते.

मोजण्याची सुरुवात शाळेतही होऊ शकते. टर्नर यांची पद्धत फार सोपी आहे. आपल्या शाळेच्या जुन्या वर्गछायाचित्रांत मुलांच्या मागे कधी पारसिकचा डोंगर असेल, कधी मलंगगडाची रांग, कधी नुसते माळरान. त्याच जागी उभे राहून, त्याच महिन्यात नवे छायाचित्र काढावे. कोणती झाडे गेली, कोणती आली, गवत कुठे होते, याची यादी मुलांनी करावी. मग ती यादी घेऊन त्यांनी गावातल्या गुरे राखलेल्या आजोबांना भेटावे. छायाचित्रात काय बदलले ते दिसेल. का बदलले, हे त्या आजोबांना विचारावे लागेल.