कॅथरिन ग्रेस लॉक आणि भारतातील लष्करी परिचर्या

भारतातील लष्करी परिचर्येचा संघटित इतिहास मुंबई बंदरापासून सुरू होतो. २१ फेब्रुवारी १८८८ रोजी तेथे दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका उतरल्या. त्यांतील कॅथरिन ग्रेस लॉक यांच्याकडे रावळपिंडीच्या लष्करी रुग्णालयातील परिचर्येची सूत्रे आली. गोऱ्या फौजेत त्या काळी विषमज्वराने फार माणसे दगावत. या रोगावर रामबाण औषध नव्हते. रोग्याचे प्राण बहुतांशी अहोरात्र देखरेखीवरच अवलंबून असत. हे काम तोवर शिपायांतूनच नेमलेल्या, परिचर्येचे पुरेसे शिक्षण नसलेल्या सेवकांकडे होते. त्यांना शिस्त लावणे हे लॉक यांचे खरे, आणि काहीसे दुर्लक्षित, कार्य होय. १८९१ मध्ये त्यांना ‘रॉयल रेड क्रॉस’ हा सन्मान मिळाला.

तथापि ही सेवा गोऱ्या सैनिकांपुरतीच होती. त्याच साम्राज्यासाठी लढणाऱ्या मराठा, महार शिपायांच्या पलटणी दवाखान्यांना प्रशिक्षित परिचारिका लाभल्या नाहीत. लॉक यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. परंतु तिच्या कक्षेची मर्यादा वसाहतवादी धोरणाने आखली होती, हे नोंदविणे आवश्यक ठरते. लॉक १९०४ मध्ये निवर्तल्या. भारतीय परिचारिकांना लष्करी सेवेत प्रवेश मिळाला तो पहिल्या महायुद्धाच्या निकडीमुळे, आणि त्यांची स्वतंत्र ‘इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस’ स्थापन झाली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या वटहुकुमाने.