सुझुकी जिंकली, तरी गेली का?

६ नोव्हेंबर २०२२, व्हॅलेन्सिया. मोटोजीपीची सीझनमधली शेवटची रेस ॲलेक्स रिन्सने सुझुकीवर जिंकली, आणि सुझुकीची ती शेवटचीच रेस ठरली. मला हे झेपलंच नाही. दोनच वर्षांपूर्वी, कंपनीच्या शंभरीत, जोआन मीर याच बाइकवर वर्ल्ड चॅम्पियन झाला होता!

जरा मागे जाऊ. रॉथमन्स होंडा, मार्लबोरो यामाहा, लकी स्ट्राइक सुझुकी. जुने फोटो बघा, सिगारेटची पाकिटंच पळतायत असं वाटतं. २००५ मध्ये युरोपियन युनियनची बंदी आली (योग्यच होती) आणि तो पैसा आटत गेला. त्यात २००८ ची मंदी. जानेवारी २००९ मध्ये कावासाकीने गाशा गुंडाळला. सुझुकीही २०११ नंतर तीन सीझन गायब.

२०१५ मध्ये परतली तेव्हा टीमच्या नावात होतं ‘एकस्टार’. हा बाहेरचा स्पॉन्सर नव्हे हं, सुझुकीचंच इंजिन ऑइल! म्हणजे पैसा या खिशातून त्या खिशात. मग २०२६ पर्यंतचा करार असूनही कंपनीने आर्थिक परिस्थितीचं आणि वाहन उद्योगातल्या बदलांचं कारण देऊन माघार घेतली.

पुढच्या सीझनला मीर आणि रिन्स, दोघंही होंडावर दिसले.