कोंबडीवर आलेला आळ

2020 च्या फेब्रुवारीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोरोनाचा एकही रोगी सापडलेला नव्हता, पण आरोपी सापडली होती. कोंबडी! कुणीतरी मोबाइलवर मेलेल्या कोंबडीचा फोटो धाडला आणि दिग्रस-दारव्ह्याकडं बाजाराच्या दिवशीसुद्धा चिकनची दुकानं ओस पडायला लागली. मी तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. खेड्यात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात. गाडी थांबवून लोक विचारायचे, "डाक्टरसाहेब, कोंबडीनं होते म्हन्तेत, खरं हाये का?" मी नाही म्हणायचो. ते मान डोलवायचे आणि मटणाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

आता गंमत अशी, की हा आळ अगदीच हवेतून पडलेला नव्हता. कोंबड्यांना कोरोना होतोच. आम्ही त्याला आयबी, म्हणजे इन्फेक्शस ब्राँकायटिस, म्हणतो. श्वासनलिकेचा हा रोग अमेरिकेत 1931 साली नोंदला गेला, म्हणजे माणसातल्या कोरोनाचं नाव निघण्याच्या कितीतरी आधी. पोल्ट्रीत लहान पिल्लांच्या डोळ्यांत लशीचा थेंब टाकतात, तो याही रोगासाठी असतो. वासरांच्या हगवणीतही एक कोरोना असतो, कुत्र्यांचा वेगळाच. कुत्र्यांच्या काही एकत्रित लशींच्या वेष्टणावर तर ते नाव छापलेलं असे आणि त्याचेही फोटो फिरले. "सरकारला आधीच माहीत होतं" म्हणत दोघे-तिघे मला ते दाखवून गेले. घराणं एक असलं तरी हे विषाणू निरनिराळे, आयबी काही माणसाला होत नाही, हे समजावता समजावता चहा गार व्हायचा.

पशुसंवर्धन खात्यानं पत्रकं काढली, काही शहरांत चिकन महोत्सव झाले. उपयोग थोडाच. मार्चमध्ये फार्मवरचा भाव उत्पादनखर्चाच्या पार खाली गेला. सीमेपलीकडं गोकाक भागात एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या, तो व्हिडिओ आमच्याकडच्या प्रत्येक शेडमालकानं पाहिला असेल. आपल्याकडं बरेचसे शेड करारावर चालतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, खाली अंथरायचं तूस आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. कंपनीनं पिल्लं टाकणं थांबवलं की शेड रिकामं, बँकेचा हप्ता मात्र चालू. कापसाला जोड म्हणून ज्यांनी शेड टाकलं होतं, ते दोन्हीकडून गेले.

आणि रोग आला कसा? विमानानं. मार्चच्या मध्यात जिल्ह्यात पहिले रोगी निघाले ते दुबईची सहल करून आलेले. कोंबडीला तर पासपोर्टही लागत नाही बिचारीला!

विषाणू मुळात वटवाघळांकडून, बहुधा मधल्या एखाद्या प्राण्यामार्फत आला असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण एकदा माणसात रुळल्यावर तो माणसाकडूनच जनावरांकडं गेला. एप्रिल 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची वाघीण बाधित निघाली. तिला खोकला होता. लगेच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं सगळ्या व्याघ्रराज्यांना सावध केलं : वाघांच्या श्वासाच्या लक्षणांवर नजर ठेवा, माणसांचा संपर्क कमी करा. आमच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत, त्यामुळं हे आम्हाला लांबचं नव्हतं. त्याच्या दीड वर्ष आधी याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला गोळी घातली होती. तेव्हा वाघापासून माणूस वाचवायची धावपळ. आता माणसापासून वाघ वाचवायचं परिपत्रक. मे 2021 मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह बाधित निघाले. उलटा प्रवासही झाला, नाही असं नाही. डेन्मार्कमध्ये फरसाठी पाळलेल्या मिंकांकडून विषाणू पुन्हा माणसांत आला, म्हणून तिथल्या सरकारनं देशातले सगळे मिंक मारायला लावले. दीड कोटीच्या वर. घरच्या कुत्र्या-मांजरांना मालकाकडून लागण झाल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. त्यांच्याकडून माणसाला झाल्याच्या फार थोड्या.

आमच्या वऱ्हाडात गुरांचा रोग आणि माणसांचा रोग वेगळे मोजायची सवय तशी नवीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत गावाबाहेर नेतात, तेव्हा रोगराई घेऊन जा म्हणताना गोठ्यातली कुठली आणि घरातली कुठली, असा हिशेब कुणी करत नाही. बुळकांडीनं एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे केले; तो रोग आणि माणसाचा गोवर हे एकाच कुळातले. बुळकांडी लशीनं गेली, 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. माझ्या मते आमच्या खात्याचं एवढं मोठं काम दुसरं नाही, पण त्याचा सत्कार कुणी केला नाही.

2020 चा पोळा माणसांच्या रोगामुळं तोरणाखाली भरलाच नाही. त्याच पावसाळ्यात गडचिरोली-चंद्रपूरकडून गुरांचा लम्पी रोग आमच्याकडं सरकत होता. 2022 मध्ये तो राज्यभर पसरला आणि गुरांचे बाजार बंद झाले. गोठ्यागोठ्यात जाऊन मानेची सैल कातडी चिमटीत धरायची, शेळ्यांच्या देवीची लस आत सोडायची. बैल नुसता कान हलवतो. मागून मालकीण विचारणार, "दूध प्यावं का नाही?" प्या की, उकळून प्या. लम्पी माणसाला होतच नाही. माशा, डास, गोचीड यांनी तो गुरातून गुरात जातो.

त्याच वर्षी हिसारच्या अश्व संशोधन केंद्रानं प्राण्यांसाठी कोरोनाची लस काढली, कुत्र्यांसाठी आणि सिंह-बिबट्यांसाठीसुद्धा. आमच्या दवाखान्यात तिची चौकशी करायला कुणी आलेलं मला आठवत नाही. आमच्याकडं कुत्र्याला घेऊन लोक येतात ते रेबीजच्या सुईसाठी, आणि तेही बहुतेक वेळा तो कुणाला तरी चावल्यावर.