चंदन : पेडणे-डिचोलीतील घरगुती औषधी व सौंदर्योपयोग

चंदन (सँटॅलम आल्बम, कुल सँटॅलेसी) हा सदाहरित, अर्धपरजीवी वृक्ष. शेजारच्या झाडांच्या मुळांतून तो पाणी व क्षार शोषतो. सुवास असतो तो गाभ्याला. बाहेरचे पांढरे लाकूड जवळजवळ निर्गंध असते. म्हैसूरच्या कोरड्या पठारावर गाभा चांगला भरतो. गोव्याच्या धुवांधार पावसात चंदनाची राने माजत नाहीत, म्हणून पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरगुती औषध झाडापेक्षा देव्हाऱ्यातल्या खोडावरच अधिक विसंबलेले आहे.

सहाणेवर थेंबभर पाणी घालून खोड उगाळायचे. तेच गंध देवाच्या कपाळी लागते आणि तेच घामोळ्यांवर. आयुर्वेदाने चंदन शीत, कडू व पित्तशामक मानले आहे. उन्हाने डोके ठणकले की कपाळावर पातळ लेप देतात. लघवीच्या जळजळीवर ते तांदळाच्या धुवणात उगाळून देण्याची जुनी रीत आहे. चंदनासव हे आयुर्वेदिक औषधही त्याच विकारावरचे. मुरमांवर हळदीबरोबर, कोरड्या त्वचेवर दुधातून लावतात. दिवाळीच्या उटण्यातही ते असते. सुजेवर उगाळतात ते रक्तचंदन (टेरोकार्पस सँटॅलिनस) मात्र निराळ्या कुलातले व बिनवासाचे. एकाच्या जागी दुसरे वापरू नये.

गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या औषधिग्रंथात चंदनावर स्वतंत्र संवाद लिहिला. त्यात तिमोर बेटावरून येणाऱ्या चंदनाची माहिती आहे. गोव्याच्या बंदरात हे लाकूड दुरून येत असे, हे त्यावरून उमगते.

लेपाचा गारवा खरा आहे. गाभ्यातील तेलाचा मुख्य घटक सँटॅलोल. त्याचा दाहशामक गुण प्रयोगशाळेतही दिसला आहे. त्वचा गोरी होते हा दावा मात्र निराधार. काहींना लेपाने पुरळ उठते, म्हणून आधी मनगटावर लावून पाहावे. चंदनतेल आपल्या मनाने पोटात घेऊ नये. लघवीच्या जळजळीबरोबर ताप असल्यास घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टर गाठावा.

बाजारातील स्वस्त ‘चंदन पावडर’ अनेकदा कृत्रिम वास दिलेला भुसा असतो. चेहऱ्यासाठी खोडच उगाळावे. चंदन आज जागतिक लाल यादीत धोक्यातील जाती म्हणून नोंदले आहे. परसात रोप लावणाऱ्यांनी आधाराला शेजारी तूर पेरावी. पुढे झाड तोडायचे झाल्यास गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते.