वर्कर, वर्कमन आणि एम्प्लॉयी

मराठीत आपण ‘कामगार’ म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजी कायद्यात त्याचे तीन शब्द झाले. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘वर्कमन’, 1948 च्या कारखाना कायद्यात ‘वर्कर’ आणि 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात ‘एम्प्लॉयी’. कोशात हे शब्द शेजारी नांदतात. विडी वळणाऱ्यांच्या भाकरीशी मात्र त्यांतला फरक थेट येऊन भिडला.

‘वर्क’ला ‘अर’ लागला की काम करणारा, तो कर्ता. ‘एम्प्लॉय’ला ‘ई’ लागला की ज्याला कामावर ठेवले तो, ते कर्म. कारखाना कायद्याने नाव कर्त्याचे घेतले, पण व्याख्येत शब्द घातला ‘एम्प्लॉइड’, म्हणजे कामावर ठेवलेला. नुसते राबून भागेना; कोणी ठेवले, हे सिद्ध करावे लागे.

त्यात एका शब्दयोगी अव्ययाची भर पडली. ‘कॉन्ट्रॅक्ट ऑफ सर्व्हिस’ म्हणजे चाकरीचा करार; ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर सर्व्हिसेस’ म्हणजे काम करून देण्याचा ठेका. पहिल्यात भरपगारी रजेचा हक्क, दुसऱ्यात हात रिकामे. मालकाकडून तंबाखू घेऊन विड्या पुरविणारे सट्टेदार ‘वर्कर’ नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये ठरविले. 1960 मध्ये नागपूरच्या कारखान्यात बसून वळणारे ‘वर्कर’ ठरले, कारण बिघडलेली विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता. म्हणजे देखरेख आली. 1961 मध्ये दुसऱ्या कारखान्यातला, येण्याजाण्यास मोकळा असलेला मनुष्य ‘वर्कर’ ठरला नाही; न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तेवढे वेगळे मत दिले. बोटे तीच, विडी तीच. निकाल मात्र वेगळे!

हा गुंता 1966 च्या कायद्याने सोडविला. मालकाने वा कंत्राटदाराने कच्चा माल दिला की घरी वळणारी बाईही ‘एम्प्लॉयी’. इतकेच नव्हे, कामावर ‘न ठेवलेला’, पण परवानगीने वा कराराने काम करणाराही ‘एम्प्लॉयी’! व्याकरणाला हे रुचावयाचे नाही, पोटाला रुचले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला.

21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहिता लागू झाल्या. ‘वर्कमन’च्या जागी ‘वर्कर’ आला आणि 1966 चा कायदा संहितेत विलीन झाला. तेव्हा बिरसीपासून गोंदियापर्यंत आपण नव्या व्याख्या मराठीत मोठ्याने वाचल्या पाहिजेत. शब्द कर्तरी की कर्मणी, हे आपण विचारले नाही, तर मालकाचा वकील विचारीलच.